सगळ्यात लहान विद्यार्थी

मेडिकल कॉलेजच्या खिडकीमागे बसलेल्या तय्यबभाईंनी वैजनाथचे कागद दोनदा पाहिले, मग चष्मा काढून वैजनाथकडे पाहिलं. पोराच्या हनुवटीवर दाढी करताना झालेली ताजी चीर होती.

“बेटा, वय किती?”

“अठरा.”

“टीसीवर चौदा हाय. सतरा पूर्ण लागतात. तीन वर्सांनी ये.”

सीट गुणांवर मिळाली होती आणि प्रवेश घ्यायला आठच दिवस उरले होते.

हे चौदा कुठून आलं, ते वैजनाथला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या भूकंपात गावची शाळा पडली आणि जन्मतारखांचं रजिस्टर तिच्याखाली गेलं. केरबा गुरुजींनी पत्र्याच्या शेडात नवं रजिस्टर मांडलं, तेव्हा गावाच्या ध्यानात आलं की सरकारी नोकरीची वयाची अट आता गुरुजींच्या पेनात आहे. आठवड्याभरात गावातली सगळी पोरं दोन-तीन वर्षांनी लहान झाली आणि झाडून सगळ्यांचा जन्म एक जूनचा निघाला. आई-बाप गेलेल्या वैजनाथचा चुलता आप्पासाहेब जरा जास्तच दूरचं पाहणारा. त्यानं चार वर्षं कमी करून घेतली. पाच वर्षांचं पोर चौथीत कसं, हे विचारायला तेव्हा कोणाला सवड नव्हती.

वैजनाथ गुरुजींकडे गेला. गुरुजी आता निवृत्त होते.

“लेकरा, एक तारीख खोडली की सगळं रजिस्टर तपासायला घेत्यात. आपली नऊ पोरं पोलिसात हायेत त्याच्या जिवावर. आन् माझी पेन्शन?”

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. ज्या लोकांनी निकालादिवशी पेढे खाल्ले होते, तेच दारात उभे राहिले. “तुला डागदर व्हायचंय म्हणून आमच्या पोराची वर्दी उतरवतो का रं?”

आप्पासाहेब त्याला घेऊन लातूरला सिद्धलिंग सरांच्या क्लासवर गेला. सर मोठा माणूस, त्यांचा शब्द चालेल. पण क्लासच्या दारावरच वैजनाथच्या फोटोचा पंधरा फुटी बोर्ड होता: ‘वय अवघे चौदा! थेट मेडिकल!’

“अठराव्या वर्षी कोणीबी पास होतंय,” सर म्हणाले. “तुझ्या चौदावर पुढची बॅच भरून राहिली. आता कुठं मोठा होतो?”

“सर, दोन वर्सं तुमच्यापुढं बसलो. मला बघितलं न्हाई का?”

“बघितलं की. म्हणलं, पोरगं लवकर थोराड झालंय.”

मग सरकारी दवाखान्यात मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांनी अठरा ते एकोणीस असा निकाल दिला. तय्यबभाईंनी फिल्म उजेडात धरली. “हाडं खरं बोलून राहिलीत. पण हाडावर सही-शिक्का न्हाई. भूकंपाच्या वक्ताचा एखादा सरकारी कागद हाय का घरी?”

होता. शेवटच्या दिवशी आप्पासाहेबानं खिडकीपाशी प्लास्टिकच्या पिशवीतून तहसीलच्या यादीचा उतारा काढला. यादी मृतांची होती. एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं: केशर, वय ९.

“ही कोण?”

“माझी जुळी बहीण,” वैजनाथ म्हणाला.

तय्यबभाईंनी चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचली. साऱ्या गावाच्या कागदांत तेवढीच वयं बरोबर होती. मेलेल्यांची वयं कमी करून घ्यायला कोणी गेलं नव्हतं. त्यांना नोकरी लागायची नव्हती.

ते कागद घेऊन आत साहेबांकडे गेले आणि मान खाली घालून परत आले. “जुळी होती, हे कुठं लिहिलंय, विचारतात. कोर्टातून आणा म्हणले.”

वकिलानं हिशेब सांगितला. “निकालाला तीन वर्षं लागतील. तोवर कागदावर तू सतराचा होशीलच की! कशाला खर्च करतो?”

सीट दुसऱ्याला गेली. वैजनाथ आपण सतरा वर्षांचे व्हायची वाट पाहत सिद्धलिंग सरांच्याच क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागला. तिसऱ्या वर्षी त्यानं पुन्हा परीक्षा दिली आणि पुन्हा सीट मिळवली. पहिल्या दिवशी तो वर्गात शिरला तेव्हा अर्धा वर्ग उठून उभा राहिला. “बसा, बसा. मी पण फर्स्ट इयरच हाय,” असं त्याला तीनदा सांगावं लागलं.

दुपारी स्वागत समारंभ झाला. कोणीतरी हौसेनं जन्मतारखा लावून पाहिल्या होत्या. बॅचमधला सगळ्यात लहान विद्यार्थी म्हणून वैजनाथचं नाव पुकारलं गेलं. एकवीस वर्षांचा वैजनाथ मंचावर गेला. पुष्पगुच्छांचं तबक धरून तय्यबभाई उभे होते. त्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

अधिष्ठात्यांनी हातातल्या चिठ्ठीवर गावाचं नाव वाचलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. “अरे, हे तर भूकंपातलं गाव! तू तेव्हा केवढा, पाच वर्षांचा? तुला कुठलं काय आठवतंय म्हणा!”

माईक त्याच्यापुढे आला. सभागृह कौतुकानं बघत होतं. तबकातला एक गुच्छ कलला, तो तय्यबभाईंनी सावरला.

“न्हाई सर,” वैजनाथ म्हणाला. “तवा मी लई लहान होतो.”