बिगरहंगामी स्थळदर्शन

कोणतेही प्रेक्षणीय स्थळ निवांत पाहावयाचे असल्यास ते इतर सर्वांनी टाळलेल्या दिवशी पाहावे, हे पर्यटनशास्त्राचे पहिले सूत्र आहे. (इतरांनी तो दिवस का टाळला, याची चौकशी करू नये.) या सूत्रावर श्रद्धा ठेवून कुंभकोणमचे निवृत्त विमा अधिकारी व्यंकोबा यांनी सहलीसाठी नोव्हेंबरातला, म्हणजे तिकडच्या ऐन पावसाळ्यातला, एक शनिवार मुक्रर केला. वेधशाळेने त्याच दिवशी अतिवृष्टी कळवली होती. व्यंकोबांना ती शुभवार्ता वाटली. "म्हणजे गर्दी नाही!"

मंडळी चार. आयोजक व्यंकोबा. पत्नी कामाक्षी, यांच्याकडे थर्मास आणि विरोधी पक्ष. मुलगी हरिणी, चेन्नईत नोकरीला, आज चालक. चौथा शशांक, हरिणीच्या कचेरीतला, मूळ पुण्याचा, देवळे पाहायला आलेला. देवळांसाठी सहा तास प्रवास करणारा तिशीतला तरुण व्यंकोबांनी आयुष्यात प्रथमच पाहिला, आणि त्यांचा ऊर भरून आला.

व्यंकोबांचे पूर्वज मराठ्यांबरोबर तंजावर प्रांतात उतरले ते तिथेच राहिले, आणि त्यांची मराठीही त्यांच्याबरोबर थांबली. गाडीचे दार उघडून ते म्हणाले, "बैसा. आज बहुत स्थळें पाहणें आहेत." एखादी बखर आपल्याला आत बोलावते आहे असे वाटून शशांक अदबीने बसला.

कार्यक्रम छापील होता. अकरा स्थळे, प्रत्येकी पस्तीस मिनिटे, त्यांपैकी पाच विस्मयासाठी राखीव.

तिरुनागेश्वरम् येथे रस्त्यावरचे पाणी गाडीच्या दिव्यांपर्यंत आले होते. उतरणे अशक्य. तेव्हा राहूच्या मूर्तीवर घातलेले दूध निळे होते म्हणतात, ते व्यंकोबांनी गाडीतच साभिनय सांगितले. त्याच वेळी खड्डा आला, कामाक्षीबाईंच्या थर्मासातले दूध शशांकच्या नव्याकोऱ्या निळ्या शर्टावर सांडले, शर्टाचा रंग सुटला, आणि आसनावर निळे थारोळे जमले.

"अय्यो, जाहलेंच की निळें!" कामाक्षीबाई ओरडल्या. हरिणीला हसू आवरेना, म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागली.

यानंतर 'काचेतून दिसले, तरी पाहिले' हा नियम संमत झाला. या नियमाने कामाचा उरक दुपटीने वाढला. अकरा वाजेपर्यंत एकूण चार स्थळे उरकली. (पैकी एक पाण्याची टाकी निघाली. तिच्यापुढे सर्वांनी हात जोडले होते, त्यामुळे ती यादीतून काढली नाही.)

तिरुविडैमरुदूरला गाडी बारा वाजून दहा मिनिटांनी पोहोचली. देऊळ बारालाच बंद झाले होते. ते काचेतून पाहून होते न होते तोच गाडीही बंद पडली. शशांक पँट दुमडून ढकलायला उतरला. पाहुणा भिजू नये म्हणून व्यंकोबाही छत्री घेऊन उतरले. वाऱ्याने छत्री उलटी झाली, व्यंकोबा घसरले, शशांकने त्यांना सावरले, आणि दोघे मिळून व्यवस्थित पाण्यात बसले.

मग व्यंकोबा हसू लागले. कामाक्षीबाईंच्या अंदाजाने, निवृत्तीनंतर प्रथमच.

समोरच्या खाणावळीत चौघे पाणी गाळत बसले. "इडलीवर कडप्पा घालूं?" कामाक्षीबाईंनी विचारले. शशांक गोठला. त्याच्या पुण्यातल्या घरी कडप्पा गॅसच्या शेगडीखाली बसवलेला होता.

"काकू... तो चावेल?"

मूगडाळ-बटाट्याचा तो रस्सा आहे, हे कळायला पाच मिनिटे लागली, कारण समजावून सांगण्याच्या स्थितीत कोणी नव्हते. शशांकने तीन वाट्या खाल्ल्या.

तेव्हा हरिणीने मोठा श्वास घेतला. "अप्पा, हे देवळें पाहायला आलेलेच नाहीत. आम्हां दोघांना लग्न करणें आहे. तुम्हांस विचारायला आले."

व्यंकोबांचा घास हातातच राहिला. त्यांनी कामाक्षीबाईंकडे पाहिले. कामाक्षीबाई चटणीकडे पाहत होत्या, म्हणजे त्यांना ठाऊक होते. व्यंकोबांनी खिशातून कार्यक्रमाचा ओला लगदा काढला आणि हळूच विचारले, "म्हणजे देवळांसाठी कोणीच आलें नव्हतें?"

बाहेर पावसाने जोर धरला. मालकाने सांगितले, उद्या याहून अधिक आहे.

"काका," शशांक म्हणाला, "उरलेली सहा उद्या पाहू. आणि टाकी धरू नका. तिच्या बदल्यात एक खरं देऊळ दाखवा."

व्यंकोबांनी त्याला नीट न्याहाळले. विमा खात्यातल्या चौतीस वर्षांत त्यांनी एवढा धोका पत्करणारा इसम पाहिला नव्हता. "पसंत," ते म्हणाले, आणि चौथी वाटी मागवली.

या वृत्तांतात शशांकचे आडनाव कोठेही आलेले नाही. व्यंकोबांना ते पावसात विचारायचे सुचले नाही. आपण मात्र कोरड्या जागी बसून, दुसऱ्या परिच्छेदापासून तेच शोधत आहात.