चार बोटं वर

गोटीला पालथं घातलं, की ती आधी नाक चादरीत खुपसायची आणि मग साऱ्या घरानं मिळून तिचा घात केल्यासारखी रडायची. तीन महिन्यांची पोर. पण आवाज असा, की बापाला कामावरच्या भोंग्याची आठवण व्हावी.

बाप लिफ्टचा मेकॅनिक. बारा मजल्यांच्या इमारतीत मध्येच अडकलेली लिफ्ट तो तासाभरात वर नेऊन उभी करायचा; पण ही एक मान चार बोटं वर न्यायची, तर त्याची सगळी हत्यारं कुचकामी. नर्सबाईंनी सांगून ठेवलं होतं, "बाळ जागं असताना, कुणीतरी समोर राहून, दिवसातून दोन-तीनदा पोटावर ठेवा. थोडा थोडा वेळच. मान, खांदे, पाठ, सगळ्यात बळ भरेल. आणि समोरच्यानं तिच्या डोळ्यांच्या रेषेत यायचं."

गोटीचं पहिलं हसू त्याचं हुकलं होतं. तेव्हा तो दोन मजल्यांच्या मधोमध लोंबकळत होता. पहिला हुंकारही हुकला. मान मात्र हुकू द्यायची नाही, असं ठरवून त्यानं चक्क रजा टाकली. बायको कामावर गेलेली. घरात तो, गोटी आणि सासूबाई.

जमिनीवर चादर. चादरीवर गोटी पालथी. तिच्यासमोर बापही पालथा, नाकासमोर नाक.

"उचल ग माझे बाई! एवढीशी! अजून! हां, हां, हां..."

गोटीनं कपाळाला आठी घातली, मुठी आवळल्या, सगळं बळ एकवटलं, ढुंगण वर केलं आणि नाक पुन्हा चादरीत घातलं.

"चुकीचं टोक वर आलं, जावईबापू," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या.

मग खुळखुळा आला. बापानं तो इतक्या जोशात वाजवला, की हातातून सुटून भिंतीवर आपटला आणि गडगडत दिवाणाखाली गेला. बाप पोटावरच सरपटत मागोमाग शिरला. डोकं गेलं, खांदे गेले, खुळखुळ्याला बोटही लागलं. पण मागे सरकताना कॉलर वरच्या खिळ्यात अशी अडकली, की पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"आई, जरा ओढा बरं मला."

"कुठून ओढू?"

"पाय धरा आणि ओढा!"

"जावयाचे पाय धरायचेच राहिले होते," म्हणत सासूबाईंनी जोर लावला. मोजा सुटला आणि सासूबाई मोज्यासकट धप्पकन जमिनीवर.

त्या आवाजानं खालच्या मजल्यावरचे कवायत मास्तर धावत वर आले. नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. दिवाणाखाली बघायला वाकावं, तर गुडघे वाकेनात. म्हणून तेही सरळ पोटावर आडवे झाले. ते नीट बघतात की नाही, हे बघायला सासूबाईही आडव्या झाल्या.

"डावा खांदा खाली! हनुवटी आत! आता मागे... सर्र!"

"सर्र नाही होत, मास्तर! कॉलर अडकलीय!"

गोटीचं रडणं थांबलं. उंच उंच राहणारी ही माणसं आज एकेक करून तिच्या जमिनीवर उतरली होती. सासूबाईंना राहवेना, त्या पडल्या पडल्याच गुणगुणू लागल्या,

"उचल उचल मान, उंबरा ग बघाया,
उंबऱ्याच्या पल्याड रान लागलं फुलाया..."

"उचलली!" मास्तर गरजले. "उचलली पोरीनं मान!"

"काय?" दिवाण आतून दणाणला. "किती वर? मला दिसत नाहीये!"

"काही नाही हो, नुसती हलवली," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "तुम्ही आधी बाहेर या."

"हलवली कसली? चांगली तीन बोटं वर आहे! तीस वर्षं पोरांच्या माना ताठ करवल्या, पण हा रुबाब..."

"मास्तर, तुम्ही जरा गप्प बसा!"

बापानं सगळा जोर लावून हिसका दिला. टर्रकन कॉलर फाटली आणि तो बाहेर आला: केसांत जळमट, एका पायात मोजा, हातात खुळखुळा. तोवर गोटी गाल टेकवून दम खात होती.

"हुकलीच," तो म्हणाला, आणि त्यानंही गाल जमिनीला टेकवला.

गोटीनं ते जळमटाचं डोकं पाहिलं. कोपरं चादरीत रोवली. मानेची ती इवलीशी दांडी थरथरली, डुगडुगली, आणि मातीतून कोंब वर यावा तसं डोकं वर आलं. एक बोट. दोन. तीन. चार. ओठावर लाळेचा थेंब, डोळ्यांत भलं मोठं आश्चर्य. एवढ्याशा पाठीनं केवढं ओझं पेललं होतं! बाराव्या मजल्यावरूनही कधी न भोवंडलेल्या बापाला गरगरल्यासारखं झालं. खुळखुळा वाजवायचंही तो विसरला.

तेवढ्यात दार उघडलं. आपली आई, नवरा आणि शेजारी ओळीनं पालथे पडलेले पाहून बायको उंबऱ्यातच थबकली.

"हे काय चाललंय?"

"मान!" तो ओरडला. "गोटीनं मान उचलली! माझ्यासमोर! पहिल्यांदा!"

"अगं बाई! खरंच?" बायको म्हणाली. आनंद जरासा जास्तच झाला तिला.

"पहिल्यांदा?" मास्तर भाबडेपणानं म्हणाले. "अहो, काल दुपारी ताईंनी मला मुद्दाम वर बोलावून दाखवली की!"

सासूबाई चादरीच्या सुरकुत्या नीट करू लागल्या.

"आई?"

"आता काय सांगू बाई. पहिला मान आईचा, म्हणून तुला बोलले नाही."

"अगं, पण मी रविवारीच बघितलं होतं! ह्याला पहिल्यांदा दिसू दे, म्हणून मी गप्प!"

सगळ्यांनी बापाकडे पाहिलं. तो कुणाकडेच पाहत नव्हता. इतक्यात त्याचा फोन वाजला. बहीण होती.

"काय रे दादा, भाचीनं उचलली का मान?"

समोर गोटी मान ताठ करून साऱ्या घराची पाहणी करत होती.

"छे ग!" तो म्हणाला. "कसली उचलतेय! नाक चादरीतून निघत नाही. तू उद्या ये. मला वाटतं, तुझ्यासमोरच उचलेल."