इंजिन पुढं मानणाऱ्या इंदूअक्का

इंदूअक्का बेळवीकर मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत, आणि तरीही त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे देश होते. मोटारींच्या शर्यती होणारे आणि न होणारे. दुसऱ्या प्रकारचे देश त्या मुलींना घरून पाठ करून यायला सांगत.

साठ सालच्या आगेमागे मी सांगलीहून बंगलोरला एका सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागलो आणि मल्लेश्वरममध्ये खोली शोधत हिंडू लागलो. तोवर घरमालकांनी मला गोत्र विचारलं होतं, पगार विचारला होता, एका आजोबांनी तर मी झोपेत घोरतो का हेही विचारलं होतं. अक्कांनी दार उघडलं, सांगलीहून आलोय, खोली हवी आहे एवढं ऐकून घेतलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "इंजिन पुढं असावं की मागं?"

मी रात्रभर रेल्वेत बसून आलो होतो. मला वाटलं, रेल्वेबद्दलच विचारताहेत. म्हटलं, "पुढंच की. मागं असलं तर गाडी ढकलत न्यायची का?"

अक्का गर्रकन आत वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "ऐकलंत? सांगलीहून आलेल्या मुलालाही कळतं." आत वेताच्या खुर्चीत एक उंच, लालबुंद चेहऱ्याचे साहेब मांडीवर उप्पिटाची बशी घेऊन बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "त्याला खोली हवी आहे, टीचर. तो काहीही म्हणेल." मला खोली मिळाली. आणि एका भांडणात कायमचं साक्षीदारपदही मिळालं, ज्यासाठी मी अर्ज केलेला नव्हता.

साहेबांचं नाव हार्पर. कँटोन्मेंटमध्ये त्यांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून घराणं बंगलोरचंच. इंग्लंड त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. दर रविवारी चर्च आटोपलं की ते मोटारसायकलवरून मल्लेश्वरमला येत, अक्कांच्या हातचं उप्पिट खात आणि दुपारपर्यंत भांडत. भांडण इंग्रजीत चाले. अक्कांना फार राग आला की त्या मराठीवर येत आणि त्याहूनही आला की कन्नडवर. हार्परसाहेबांना गॅरेजमुळे कन्नड उत्तम समजे, विशेषतः रागावलेलं.

एकटी राहणारी मास्तरीण आणि दर रविवारी येणारा बिनलग्नाचा साहेब, एवढ्या सामग्रीवर आमच्या गल्लीनं खरं तर दहा वर्षं सुखात काढायला हवी होती. पण आतून इतक्या मोठ्यानं "कार्बुरेटर" असं ऐकू येई, की कुजबुजणाऱ्यांचाच विरस होई. समोरच्या पद्मम्मांनी काही महिने खिडकीत बसून नेटानं प्रयत्न केला. शेवटी त्या मला म्हणाल्या, "प्रेमात माणसं इतकी गिअरबद्दल बोलत नाहीत." आणि त्यांनी खिडकी सोडली.

अक्का मूळच्या बेळगावच्या. वडिलांची धारवाडपर्यंत मोटार सर्व्हिस होती, म्हणजे एक बस आणि ती ढकलायला बरेच नातेवाईक. अक्कांचं बालपण त्या बसखाली गेलं. लग्न का केलं नाही हे त्यांना विचारायची कोणाची छाती नव्हती, आणि विचारलं असतं तर उत्तर क्लचबद्दल मिळालं असतं. सिटी बसमध्ये त्या ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरत आणि चढ आला की "आता बदल, आता बदल" असं पुटपुटत. आमच्या मार्गावर ड्रायव्हर टिकत नसत.

शर्यती होत त्या शहराबाहेरच्या एका जुन्या धावपट्टीवर. युद्धात लष्करानं ती बांधली आणि नंतर बहुधा विसरून गेलं. डांबराची रिकामी पिंपं आणि गवताचे भारे ठेवून वळणं आखायची आणि त्यांतून गाड्या पळवायच्या. पळवणारे म्हणजे कॉफीचे मळेवाले, रजेवरचे लष्करी अधिकारी आणि ज्यांच्या वडिलांना आपली गाडी कुठं गेली आहे याचा पत्ता नाही असे काही सुपुत्र. अक्का इरकल लुगडं, कॅनव्हासचे बूट आणि काळी छत्री अशा थाटात तिथं हजर असत. बरोबर चित्रान्नाचा डबा. पाहणाऱ्याला वाटावं, या बाई चुकून शर्यतीत आल्या आहेत, लग्न पलीकडच्या मैदानात असेल.

विलायतेत तेव्हा शर्यतीच्या गाड्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं न्यायची टूम निघाली होती. हार्परसाहेब त्या टुमेचे इथले एकमेव आचार्य. त्यांनी स्वतःच्या गॅरेजात तशी एक गाडी जुळवली होती. एका मोटारीचं इंजिन, दुसरीची चाकं आणि अंग कशाचं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. अक्का तिला घंगाळ म्हणत. घंगाळ जोरात धावे. वळणावर मात्र त्याचा मागचा भाग पुढं येऊ पाही.

"माणसानं समोर बघून जायचं की पाठीमागचं ओझं सांभाळत?" अक्का विचारत.

"वजन चाकांवर हवं, टीचर. नाकावर नको," हार्परसाहेब म्हणत.

मग स्वयंपाकघरातून पोळपाट येई. पोळपाट म्हणजे धावपट्टी, वाट्या म्हणजे पिंपं. दोन पडवळाचे तुकडे मोटारी होत आणि त्यांना पुढं-मागं लिंबाच्या फोडी खोचल्या जात. मी इंजिनिअर असल्यामुळं निकाल माझ्याकडं मागितला जाई. मी एकदा शास्त्रशुद्ध उत्तर देऊन पाहिलं. दोघंही माझ्यावर तुटून पडले आणि तेवढ्यापुरते एक झाले. त्यानंतर मी उप्पिटाकडं लक्ष दिलं.

त्यातच इंजिनाचं आकारमान दीड लिटरवर आणायचा नियम विलायतेत झाला. हार्परसाहेब म्हणाले, उत्तम झालं, आता डोकं चालवणारे जिंकतील. अक्कांनी घरात सुतक पाळावं तसा आठवडा काढला. वाचनालयातली विलायती मासिकं इथं इतकी शिळी होऊन येत, की दोघं एखाद्या नियमावर महिनाभर हमरीतुमरीवर येत आणि तो नियम तिकडं केव्हाच रद्द झालेला असे. त्यानं दोघांच्याही उत्साहात फरक पडत नसे.

पण अक्कांचं खरं वेड निराळं होतं. त्यांना शर्यत सुरू करायची रीत बदलायची होती. गाड्या एका बाजूला उभ्या, ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला. झेंडा पडला की ड्रायव्हरनी धावत पट्टी ओलांडायची, गाडीत उडी घ्यायची, इंजिन चालू करायचं आणि सुटायचं. "बसल्या जागेवरून गाडी सोडणं ही काय शर्यत? माणूस धावायला नको?" हा त्यांचा मुद्दा. परदेशात एका मोठ्या शर्यतीत तशी रीत होती, हे खरं.

"घाईत उडी मारणारा माणूस गाडी नीट पाहत नाही. शर्यत गाडीची आहे, टीचर, पायांची नाही," हार्परसाहेब म्हणाले. हे वाक्य ते अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणत. अक्कांचा त्यानंच जास्त संताप होई.

शर्यती भरवणाऱ्या मंडळींचे अध्यक्ष एक निवृत्त कर्नल होते. वर्षातून एकदा ते कँटोन्मेंटमधल्या एका हॉलमध्ये सभा घेऊन सूचना मागवत, कारण सूचना मागवल्या की लोक स्वस्थ बसतात असा त्यांचा लष्करी अनुभव होता. अक्का उभ्या राहिल्या. भूगोलाचा तास घ्यावा तशा त्या बोलल्या. हार्परसाहेबांनी विरोध केला. कर्नलसाहेबांना दोघांचंही ऐकून जेवायला उशीर होत होता. ते म्हणाले, "एका शर्यतीत करून बघू."

त्या दिवशी धावपट्टीवर जे झालं ते पाहायला मिळालं याबद्दल मी कारखान्याच्या सुट्टीच्या धोरणाचा ऋणी आहे. झेंडा पडला. ड्रायव्हर धावले. कूर्गचे एक वजनदार मळेवाले मध्यावरच दम खाण्यासाठी थांबले आणि थांबले ते थांबलेच. एक तरुण लेफ्टनंट सगळ्यांच्या आधी पोचला, ऐटीत उडी मारून बसला आणि सुसाट निघून गेला. गाडी दुसऱ्याची होती. दोन्ही गाड्या हिरव्याच. ज्याची ती होती तो गृहस्थ तिच्यामागं पहिल्या वळणापर्यंत पळत गेला, आणि काही प्रेक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक द्यावा अशी मागणी केली. उरलेल्यांपैकी एकाचं दार उघडेना. हार्परसाहेब मात्र रमतगमत चालत घंगाळापाशी गेले, चष्मा पुसला, बसले आणि आरामात जिंकले.

कर्नलसाहेबांनी अक्कांकडं पाहिलं. अक्का म्हणाल्या, "नियम सरीच होता, अगदी बरोबर. माणसं जाड होती."

पुढच्या रविवारची मी आठवडाभर वाट पाहिली. हार्परसाहेबांच्या हातात आता जन्मभर पुरेल एवढा दारूगोळा होता. अक्कांनी पहाटेपासूनच कंबर कसली होती. लढाईला निघाल्यासारखं उप्पिट परतत होत्या. साहेब आले, बसले, खाल्लं. शर्यतीबद्दल चकार शब्द नाही.

"बोला की," अक्का शेवटी म्हणाल्या. "हसा एकदा. पोटात ठेवू नका."

हार्परसाहेब बशीकडं बघत म्हणाले, "गॅरेज विकलं मी, टीचर. माझी बहीण ऑस्ट्रेलियात आहे. ती बोलावते आहे बरेच दिवस. इथं आमच्यातलं आता फारसं कोणी उरलं नाही."

त्या वर्षांत कँटोन्मेंटमधली अशी पुष्कळ अँग्लो-इंडियन घरं रिकामी होत होती. पियानो विकायला निघत, कुत्री शेजाऱ्यांकडं जात. ते मला माहीत होतं. त्यात ही उप्पिटाची बशीही येईल, असं का कोण जाणे, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

अक्का आत जाऊन काही वेळ कढई खरवडत राहिल्या. मग बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "तिकडं शर्यत कशी सुरू करतात?"

"बसल्या जागेवरून," साहेब म्हणाले.

"चुकीचं आहे ते," अक्का म्हणाल्या. आणि त्या दिवशीचं भांडण नेहमीपेक्षा तासभर जास्त चाललं. मी वर खोलीत गेलो तरी आवाज येत होते. पद्मम्मांनी खिडकी उघडली आणि परत लावून घेतली.

साहेब मुंबईच्या गाडीनं गेले, तिथून बोटीनं. अक्का स्टेशनवर गेल्या नाहीत. शाळा आहे म्हणाल्या. तो गुरुवार होता आणि शाळा होतीही, त्यामुळं कोणाला काही बोलता आलं नाही. मी गेलो होतो. साहेबांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, "तिला वाद घालायला माणूस लागतं. तू प्रयत्न कर. तुला जमणार नाही, पण कर."

मी केला. रविवारी खाली जाऊन बसलो आणि इंजिन मागं असण्याचे फायदे सांगू लागलो. अक्कांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं काय बोलालास रे? वजनाचं आधी सांगायचं. तो वजनाचं आधी सांगायचा." मी वजनाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "असू दे. खा तू." उप्पिट पहिल्यासारखंच भरपूर केलेलं होतं. मला ते सोमवारी सकाळीही पुरलं.

पुढच्या वर्षी सभा भरली. सोबत म्हणून अक्का मला घेऊन गेल्या. सूचना मागवल्यावर तोच लेफ्टनंट उठला. दुसऱ्याची गाडी पळवल्यामुळं त्याचं बरंच नाव झालं होतं. तो म्हणाला, धावत जाऊन सुरू करायची रीत मोठी मजेची आहे, यंदा गाड्यांना मोठे आकडे लावू आणि सगळ्याच शर्यती तशा करू. टाळ्या पडल्या. कर्नलसाहेब अक्कांकडं वळून हसले. "तुमचाच विजय झाला, मॅडम," ते म्हणाले.

अक्का उठल्या. छत्री खुर्चीला टेकवली आणि म्हणाल्या, "माझा याला विरोध आहे."

अक्का बोलत राहिल्या. घाईत उडी मारणारा माणूस गाडी नीट पाहत नाही. ब्रेक पाहत नाही, चाकं पाहत नाही. शर्यत गाडीची आहे, पायांची नाही. हे वाक्य त्या हळू म्हणाल्या, एकेक शब्द सुटा करून. मग इंजिनाच्या जागेचा विषय नसताना त्यावरही थोडं बोलल्या. वजन चाकांवर हवं, नाकावर नको.

"पण मॅडम," कर्नलसाहेब गोंधळून म्हणाले, "गेल्या वर्षी तर तुम्हीच याच्या उलट सांगत होतात."

"होय. माझं तेच मत आहे अजून," अक्का म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मतदान झालं. अक्कांनी दोन्ही वेळा हात वर केला नाही. लेफ्टनंट जिंकला. सभा संपल्यावर लोक त्यांच्याकडं वळून वळून पाहत होते, एकदोघं हसलेही. माझ्या जिभेवर एक चांगला टोमणा आला होता. बाहेर पडल्यावर त्याची तयारी म्हणून मी विचारलं, "अक्का, म्हणजे साहेबांचं पटलं तर तुम्हाला. ते असताना कबूल केलं असतं तर केवढे खूश झाले असते."

"पटलं कुठं?" त्या म्हणाल्या. "सगळं चूक होतं त्याचं."

"मग?"

त्या रस्त्याच्या कडेनं पुढं चालत होत्या. हार्परसाहेबांचं गॅरेज त्याच रस्त्याला होतं. आता तिथं कोणीतरी लाकडी कपाटं मांडली होती. त्या तिकडं न बघता चालत राहिल्या आणि जरा पुढं गेल्यावर म्हणाल्या, "त्याच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं रे तिथं. खुर्ची रिकामी दिसत होती."

मी टोमणा गिळला. बस आली तशी अक्कांनी ड्रायव्हरच्या मागची जागा धरली.