दोरा बांधलेला थर्मास

“बाबा, एक लक्षात ठेवा. हा सूट तुम्हाला कोरडं ठेवत नाही. आत पाणी शिरणारच. शिरलेलं पाणी अंगाशी धरून ठेवायचं, मग ते तुमच्याच उबेने गरम होतं. हातपाय झाडले की ते निघून जातं आणि नवं गार पाणी आत येतं. म्हणून खाली गेल्यावर गप्प राहायचं.”

लेकीचं हे बोलणं घड्याळवाले आदल्या दिवसापासून मनात घोळवत होते. बाकीचं सगळं जमण्यासारखं होतं, शेवटचं वाक्य तेवढं जड जात होतं. गल्लीत त्यांना टिकटिककाका म्हणत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, दुकानात एवढी घड्याळं आहेत म्हणून हे नाव पडलं असेल. जुनी गिऱ्हाइकं सांगत, घड्याळं अधूनमधून बंद तरी पडतात.

त्यांची लेक डोंगराखालच्या तळ्यात नवशिक्यांना पाण्याखाली उतरायला शिकवायची, पण दुसऱ्याच्या हाताखाली. स्वतःचे शिष्य घ्यायचे तर परवाना हवा होता. त्यासाठी परीक्षकबाईंच्या देखत एका नवशिक्याला त्या गारढोण पाण्यात न्यायचं आणि धडधाकट, न कुडकुडता वर आणायचं. शिष्य काकडला, किंवा त्याला काही इजा झाली, तर नापास. मग पुन्हा वर्षभर वाट बघा. ठरलेल्या शिष्याने नेमकं आदल्या दिवशी ताप आल्याचं कळवलं. लेक फोन हातात धरून नुसती बसून राहिली, तेव्हा घड्याळवाले म्हणाले की मी येतो. देवाला माणसाने पाण्यात राहावं असं वाटत असतं तर त्याने कल्ले दिले असते, हे वाक्य लेकीने नोकरी सोडली त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. तेच आता म्हणाले, “कल्ल्यांचं बघू नंतर. पोट आत घेता आलं म्हणजे झालं.”

त्यांच्या बायकोचं एक व्रत होतं. लेक पहिल्यांदा तळ्यात उतरली त्या दिवशी त्या माउलीने मनाशी ठरवलं, की खाली पोरीला बोलता येत नाही, तर ती वर येईपर्यंत आपणही बोलायचं नाही. लेक सकाळी घराबाहेर पडली की आईचं मौन सुरू. लेकीचा मिस्ड कॉल आला, म्हणजे ती पाण्याबाहेर आली, की मगच पहिला शब्द. आजवर हा नेम एकदाही मोडला नव्हता. दूधवाल्याशी, शेजारणीशी, सगळ्यांशी ती खुणांनी बोले. तिच्या वाटचं घड्याळवाले बोलत, आणि वर गिऱ्हाइकांना सांगत की आमच्याकडे सकाळची शांतता ही अर्धी देवाची देणगी आहे, उरलेल्या अर्ध्याचं मला काही करता येत नाही.

परीक्षेच्या दिवशी लेक पहाटेच पुढे गेली, त्यामुळे मौनही पहाटेच सुरू झालं. बायकोने सारखे दिसणारे दोन थर्मास भरले. एकात कोमट पाणी, कारण पाण्यात उतरण्याआधी ते गळ्यातून सुटात ओतलं की पहिला गारठा बसत नाही, असं लेकीने सांगून ठेवलं होतं. दुसऱ्यात जीभ पोळणार नाही इतपत निववलेलं टोमॅटोचं सूप, मिरी जरा हात सोडून घातलेलं. ते वर आल्यावर प्यायला. घोटाळा नको म्हणून सुपाच्या थर्मासच्या गळ्याला तिने दोरा बांधला. तिच्या बाजूने काम अगदी चोख होतं.

तळ्याकाठच्या कपडे बदलायच्या खोलीत सूट चढवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. गादी लहान खोळीत घालताना जे होतं, ते सगळं झालं. एक पाय आत गेला की दुसरा बाहेर येई. बायको मागून ओढत होती, घड्याळवाले पुढून सूचना देत होते. शेवटी भिंतीला दोन्ही हात टेकून त्यांनी श्वास कोंडून धरला आणि तिने गुडघा त्यांच्या पाठीला लावून चेन मानेच्या थोडं खालपर्यंत आणली. दोघंही घामाघूम झाली. त्या घटकेला त्यांना थंडीची भीती राहिली नव्हती.

“यातला कुठला गं?” दोन्ही थर्मासकडे बघत त्यांनी विचारलं.

तिने दोऱ्याचा थर्मास उचलला, तोंडाजवळ नेला आणि जोरजोराने हात हलवून नाही म्हणून सांगितलं. मग तळ्याकडे बोट करून तळहात खालून वर नेला. आत्ता प्यायचं नाही, वर आल्यावर प्यायचं, असं तिला म्हणायचं होतं. पण पहिली खूण पुरी होताच घड्याळवाल्यांना सगळं कळलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोची अर्धी खूण पुरते, असा त्यांचा दावा होता. दोऱ्याचा थर्मास तोंडाला लावायचा नाही. म्हणजे तो प्यायचा नाही. म्हणजे तो ओतायचा. उरलेली खूण त्यांनी पाहिली, पण ती तळ्यातून सुखरूप वर या अशी प्रार्थना समजून त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात परीक्षकबाईंनी घरच्या माणसांनी धक्क्यावर थांबावं असा निरोप पाठवला आणि ती बाहेर गेली.

घड्याळवाल्यांनी थर्मास उघडला आणि एका हाताने गळपट्टी ताणून सगळा आत रिकामा केला.

पाणी जरा दाट वाटलं. बायकोने थंडीवरचं काही औषध घातलं असेल, असं म्हणून ते मनातल्या मनात तिचं कौतुक करू लागले. औषध छातीवरून सावकाश पोटाकडे निघालं, वाटेत जरा चुरचुरलं, बेंबीपाशी थबकलं. तेव्हा कुठे वास वर आला. टोमॅटो. पाठोपाठ मिरी.

त्यांनी चेन उघडायला हात मागे नेला, तो पोचेना. तेवढ्यात दारावर टकटक झाली. लेक म्हणाली, “बाबा, तयार?” तिच्या मागे परीक्षकबाई उभ्या होत्या. काटकुळ्या, पिकल्या केसांच्या, चेहऱ्यावरची माशी न हलणाऱ्या. बाईंनी विचारलं की शिक्षिकेने सांगितलेलं सगळं नीट केलंत ना. आता सूट काढून धुवायचा तर वेळ गेली, खरं सांगायचं तर लेकीची शोभा झाली. घड्याळवाले म्हणाले, “हो.”

एवढंच. पुढे काहीच नाही. बाप एका शब्दावर थांबला हे पाहून लेक चपापली, पण घाबरले असतील बिचारे, असं समजून तिने त्यांच्या पाठीची चेन वर ओढून बंद केली आणि पाठ थोपटली. आत सूप हललं.

तळं खरोखरच गार होतं. पाय पाण्यात पडताच घोट्यांना कळा लागल्या. पण अंगाला मात्र थंडी शिवेना. दाट सूप जागच्या जागी बसून राहिलं होतं. रजईत गुरफटून पडावं तसे घड्याळवाले पाण्याखाली तरंगत होते. सूप बाहेर येईल या धास्तीने त्यांनी हात छातीशी घट्ट धरले होते, बोटसुद्धा हलवत नव्हते. समोर तरंगणाऱ्या परीक्षकबाईंच्या डोळ्यांत पहिल्यांदाच काही समाधान दिसलं. इतका शांत नवशिक्या त्यांनी पाहिला नसावा. त्या हिरव्या उजेडात आपली लेक माशासारखी सहज वळते आहे, दर थोड्या वेळाने मागे बघून बाप बरा आहे ना ते खुणेने विचारते आहे, हे पाहून घड्याळवाल्यांचा ऊर भरून आला. कल्ल्यांचं वाक्य आपण किती जणांना ऐकवलं, ते आठवून त्यांना तिथल्या तिथे लाज वाटली.

मग मासे आले. आधी एक बोटाएवढा, मनगटाशी. त्याने चव घेतली आणि बहुधा घरच्यांना बोलावलं. दोन्ही मनगटांभोवती, मानेभोवती चांदीची झालर लागली. घड्याळवाल्यांनी दात आवळून सोसलं. पण एका आगाऊ माशाने कानामागे तोंड लावलं आणि त्यांचा खांदा उडाला. गळपट्टी सैल झाली, आणि मानेतून तांबूस ढग उठून वर पसरू लागला.

परीक्षकबाईंनी अंगठा वर केला. ताबडतोब वर चला.

लेकीचा चेहरा काचेमागे पांढराफटक पडला. पण तिने वडिलांचा दंड धरला, नजर त्यांच्या नजरेत रोवली आणि मुळीच घाई न करता, श्वास मोजायला लावत त्यांना वर आणू लागली. लहानपणी रस्ता ओलांडताना ते तिला असंच धरायचे.

वर येताच बाईंनी विचारलं, “जखम कुठे आहे?” लेक त्यांची मान, कान, डोकं चाचपत होती. “बाबा, कुठे लागलंय? बोला ना, बाबा.” तिचा आवाज आता कातर झाला होता. पण श्वासाची नळी मी सांगेपर्यंत तोंडातून काढायची नाही, हे तिनेच बजावलं होतं. जन्मभर कुणाची सूचना न ऐकलेल्या माणसाने ही एक मात्र दातांनी धरून ठेवली होती. ते नुसते डोळे फिरवत होते. भोवतालचं पाणी लाल होत चाललं होतं.

“सूप आहे ते!”

धक्क्यावरून आवाज आला. सकाळच्या या वेळेला तो आवाज घड्याळवाल्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

“टोमॅटोचं सूप आहे,” बायको म्हणाली. “पोरी, घाबरू नकोस. त्यांनी चुकीचा थर्मास ओतलाय.” आणि मग, लेक अजून पाण्यातच आहे हे ध्यानात येऊन, तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

परीक्षकबाईंनी दोन बोटं पाण्यातून फिरवली, नाकाशी नेली. म्हणाल्या, “मिरी जास्त झाली आहे.”

धक्क्यावर चौकशी झाली. घड्याळवाल्यांनी सगळा गुन्हा स्वतःच्या नावावर घेतला, तोही चक्क थोडक्यात. शिष्य काकडला आहे का ते बोटांवरून कळतं, असं म्हणून बाई त्यांचे हात बघू लागल्या, तर खुद्द बाईंच्याच मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याची खीळ सुटत आली होती. घड्याळवाल्यांनी ती सवयीने दोन नखांत धरून जागच्या जागी बसवून दिली. बाईंनी पट्टा ओढून पाहिला. म्हणाल्या की हात गारठलेला माणूस हे करू शकत नाही. शिक्षिकेने रक्त दिसलं असं वाटूनही डोकं शांत ठेवलं, बापाला बापासारखं न ओढता शिष्यासारखं वर आणलं, याहून जास्त परीक्षा मला घेता येणार नाही. परवाना आजच मिळेल. पुढच्या वेळी साधं पाणी वापरा.

लेकीने आधी बापाला मिठी मारली, मग आईला, आणि दोघींनाही सुपाचा वास लागला.

परतीच्या वाटेवर बायकोला बोलायची मुभा होती, तरी ती बोलेना. घर दिसू लागलं तेव्हा हळूच म्हणाली, “ती पाण्यातच होती हो.”

“तू बोलली नसतीस तर आज ती नापास होती,” घड्याळवाले म्हणाले.

“ते खरंच. इतके दिवस गप्प राहून देवाकडे जे मागत होते, ते आज बोलून मिळालं. दोघंही धड वर आलात. माझी काही तक्रार नाही.” मग म्हणाली, “पण मोडलं ते मोडलं.”

घड्याळवाले म्हणाले, “मोडलेलं नीट करून देणं हा माझा धंदा आहे. उद्याचं मौन माझ्याकडे.”

“तुमच्याकडे?” एवढं म्हणून ती हसायला लागली, ती कुलूप उघडेपर्यंत हसतच होती.

दुसऱ्या दिवशी लेक स्वतःच्या पहिल्या शिष्यांना घेऊन तळ्यात उतरायला निघाली. तिच्यामागे दार लागलं. घड्याळवाल्यांनी दुकान उघडलं, फोन टेबलावर समोर ठेवला आणि स्टुलावर बसले. पहिलंच गिऱ्हाईक जुनं, जिभेला हाड नसलेलं. आल्या आल्या त्याने फळीवर दोन्ही कोपरं टेकली.

“काय काका, गल्लीभर झालंय ते खरं का? सुपात पोहून आलात म्हणे?”

अशी सुरुवात आयतीच चालून आली होती. घड्याळवाल्यांनी तोंड उघडलं. फोनकडे पाहिलं. तो अजून गप्प होता. त्यांनी तोंड मिटलं, गिऱ्हाइकाला हाताने बसायची खूण केली, डोळ्याला भिंग लावलं आणि चिमट्याने एक बारीकसा काटा उचलला.

दुकानातल्या घड्याळांची टिकटिक गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच ऐकू आली.