आलोइस बाहेर येत नाही

"हे बघ रादिम, आता आणखी एक तक्रार आली ना, तर वसंतात तुला बोलावणार नाही," सहल कंपनीच्या मिलुशेबाईंनी फोनवर स्वच्छ सांगून टाकलं. "लोक सुट्टीला आलेले असतात. प्लेगमध्ये कोण कोण मेलं ते त्यांना ऐकायचं नसतं."

"पण मेले होते, बाई."

"मेले असतील. तू हसून सांग."

रादिम कुबात हसून सांगू शकत नव्हता, हीच तर अडचण होती. पर्यटकांना चेक देशातली जुनी शहरं दाखवण्याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि त्याचा चेहरा असा घडला होता की त्याने 'शुभ प्रभात' म्हटलं तरी ऐकणाऱ्याने मनात म्हणावं, रिपोर्ट वाईट आलेले दिसतात. पहिली तक्रार ओलोमोउत्समधून आली होती. 'गाईडमुळे उदास वाटलं' एवढीच. दुसरी क्रुमलोव्हची. तिथे त्याला मंडळींना संध्याकाळी एका पबमधून दुसऱ्या पबमध्ये फिरवायचं होतं. त्याने प्रत्येक दारात उभं राहून इथे पिऊन पिऊन कोण गेलं ते सांगितलं. दुसऱ्या पबनंतर सगळे हॉटेलात जाऊन झोपले.

आताची तुकडी हंगामातली शेवटची. हॉलंडमधल्या निवृत्त पोस्टमनांचं गायनमंडळ होतं ते, बायकामुलींसकट. सगळ्यांना मंडळाचे काळे रेनकोट होते. सकाळी त्यांनी कुत्ना होराला हाडांचं चर्च पाहिलं. तिथलं हाडांचं झुंबर बघून बायका म्हणाल्या, "अय्या, किती बारीक काम!" मंडळाचा म्होरक्या विलेम, हा गुबगुबीत गालांचा म्हातारा, रादिमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुम्हा लोकांना मरणाची सजावट काय छान जमते हो!" रादिमला बरं वाटलं. आपल्या स्वभावाचं कौतुक त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

संध्याकाळी बस आमच्या तेल्चला पोचली. नोव्हेंबरात आमचं गाव बघायला येऊ नये. चौकातली रंगीत घरं ओल्या फडक्यासारखी दिसतात, तळ्यावर धुकं बसतं आणि निम्मे पब बंद असतात. कार्यक्रमात छापलं होतं, 'जुन्या पबमध्ये गावकऱ्यांच्या संगतीत संगीतमय संध्याकाळ'. त्या पबला कुलूप होतं. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "स्वयंपाकी तळघराच्या जिन्यावरून पडला. पाय मोडला त्याचा. आज काही मिळायचं नाही."

रादिमने मिलुशेबाईंना फोन लावला.

"घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "मी दुसरीकडे बघते. तोवर त्यांना चौकात फिरव. आणि रादिम, प्लेगचं नाव काढू नकोस!"

प्लेगचा स्तंभ चौकाच्या मधोमध उभा आहे. त्याच्याकडे पाठ करून रादिमने मंडळींना कमानींखालून एक फेरी मारली, मग दुसरी मारली. पाऊस बारीक पण चिवट होता. बायकांनी कुरकुर सुरू केली. विलेमचे गाल हळूहळू खाली यायला लागले. तेवढ्यात 'करडी मांजर' पबच्या दारात यित्का वेटर आली आणि हात हलवून ओरडली, "अहो, आलात एकदाचे! तिकडे काय फेऱ्या मारताय? आत या ना! बाई बिचारी दाराकडे बघून बघून थकली!"

मिलुशेबाईंचं काम कसं झटपट, असं म्हणत रादिमने सगळ्यांना आत घातलं.

मागच्या खोलीत लांबलचक टेबल मांडलेलं होतं. गलास, ताटं, पावाच्या टोपल्या, सगळं जागच्या जागी होतं, फक्त माणसं नव्हती. टेबलाच्या टोकाला काळ्या कपड्यांत एक म्हातारी बसली होती. भिंतीशी ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि टुबा घेऊन तीन म्हातारे बसले होते. म्हातारी उठली. आत येणाऱ्या प्रत्येकाचा हात तिने दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "आलात, फार बरं केलंत." हॉलंडच्या बायका हरखून गेल्या. असं स्वागत त्यांचं अख्ख्या सहलीत झालं नव्हतं.

गुलाश आला, कणकेचे उकडलेले गोळे आले, बियर आली. मंडळी तुटून पडली. रादिमचा जीव भांड्यात पडला, आणि आपला ओला कोट टांगायला तो दारामागच्या खुंटीकडे वळला. तिथे कपाटावर एका रागीट माणसाचा फोटो होता. फोटोला काळी फीत होती. पुढे मेणबत्ती होती आणि काठोकाठ भरलेला बियरचा गलास होता.

भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर आला. त्याने यित्काला कोपऱ्यात गाठलं. "हे कोण?"

"कोण म्हणजे? आलोइस! त्याच्याच जेवणाला आलात ना?"

"दफन कधी झालं?"

"दुपारी. अहो, तुम्हाला पाहून इतकं बरं वाटलं! त्याच्या बायकोने, हेडविकाबाईंनी, अख्ख्या आळीला सांगितलं होतं आणि एक कुत्रं फिरकलं नाही. आलोइसने ठेवलंच नव्हतं कुणाशी बरं. ते तिघे आलेत ते वाजवायला, त्यांचे पैसे दिलेत म्हणून. तुमची कशी ओळख त्याच्याशी?"

आमच्याकडे हा प्रश्न खरं तर कुणी विचारत नाही. मयताच्या जेवणाला जो येऊन बसेल त्याला ताट मिळतं. तू कोण, कुणाचा, असं विचारणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. यित्का तरुण असल्यामुळे विचारून बसली. रादिम काहीतरी पुटपुटून बाहेर सटकला. आतल्या दगडी भिंतींमुळे बंद पडलेला त्याचा फोन रस्त्यावर येताच खणाणला. मिलुशेबाईंचा निरोप होता, 'कुठेही जागा नाही. हॉटेलवर ने आणि सँडविच दे. हसत दे.'

तो पावसात उभा राहिला. खरं सांगावं, तर मंडळी ताटावरून उठणार, तक्रार करणार आणि वसंतात आपण घरी बसणार. शिवाय ही रिकामी खोली त्या बाईला पुन्हा एकदा बघावी लागणार. पहिल्या कारणाने त्याला भीती वाटली आणि दुसऱ्याने वाईट वाटलं. कुठल्या कारणाने तो गप्प राहिला हे त्याचं त्यालाच ठाऊक.

आत आला तर विलेम गलासावर चमचा वाजवत उभा होता. "रादिम, सांग त्यांना! जेवण उत्तम! आणि ही बाई! मी पुष्कळ नाटकं पाहिली, पण दुःख इतकं खरं वाटलेलं पहिल्यांदा पाहतोय."

हेडविकाबाईंनी रादिमकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"म्हणतायत... तुमचं दुःख त्यांना दिसतंय."

"देव त्यांचं भलं करो," बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे पुसले. त्यावर दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मग बाईंनी आलुबुखाऱ्याच्या दारूचे छोटे पेले भरायला लावले. मयताच्या नावाने पिताना आम्ही पेला पेल्याला लावत नाही. गुपचूप उचलायचा आणि गुपचूप रिकामा करायचा. पण पहिल्याच दिवशी रादिमनेच या लोकांना शिकवलं होतं की आमच्याकडे डोळ्याला डोळा भिडवून, दणक्यात पेले आपटतात, नाहीतर अपशकुन होतो. शिकलेलं विसरणारे ते पोस्टमन नव्हते. सगळे उठले आणि टेबलभर फिरून एकमेकांचे पेले किणकिणवले. एक आजीबाई तर कपाटापर्यंत गेल्या आणि त्यांनी आलोइसपुढच्या गलासालाही पेला लावला.

टुबावाला ताडकन उठला. "अहो, हे काय चाललंय? लाज आहे की नाही?"

"बसा हो," हेडविकाबाई म्हणाल्या. "त्याच्याशी कुणी पेला लावून किती वर्षं झाली असतील!"

टुबावाला बसला. आता गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द बोलायची वेळ होती. तिघा वाजवणाऱ्यांनी एकमेकांना कोपरं मारली. शेवटी ट्रंपेटवाला उठला. "आलोइस," तो म्हणाला, आणि बराच वेळ थांबला. "आलोइस उंच होता."

"बास?" टुबावाल्याने खालून विचारलं.

"मग तू बोल की! तुझी शिडी नेली होती ना त्याने?"

"आणली कुठे परत!"

"काय म्हणतायत?" विलेमने विचारलं.

"म्हणतायत, तो उंच होता," रादिमने जसंच्या तसं सांगितलं. मंडळी पोट धरधरून हसली. त्यांना वाटलं, विनोदी प्रवेश सुरू झाला.

त्यानंतर काही रादिमच्या हातात राहिलं नाही. मंडळाने उठून चार आवाजांत एक गाणं म्हटलं. जुनं, संथ, समुद्रावरून परत न आलेल्या माणसाचं. शब्द कुणाला कळले नाहीत, पण ट्रंपेटवाल्याने दुसऱ्या कडव्याला सूर उचलला, मग क्लॅरिनेट आलं, आणि शिडीचं दुःख बाजूला ठेवून टुबाही आला. हेडविकाबाई मान हलवत ऐकत होत्या. दुपारी स्मशानात त्यांच्याशेजारी उभं राहायला कुणी नव्हतं, आणि आता खोलीत बसायला जागा नव्हती. यित्का दारात उभी राहून ढसाढसा रडत होती.

गाणं संपलं तशा टाळ्या सुरू झाल्या. विलेमने फोटोकडे बोट दाखवलं. "आता त्याला बोलवा! फोटोतल्या नटाला! सगळ्यांनी एवढं केलं त्याच्यासाठी, एकदा बाहेर येऊन नमस्कार तरी करू दे!" सगळ्यांनी ती गोष्ट उचलून धरली. पाय आपटत, टेबल बडवत ते ओरडायला लागले, "बाहेर या! बाहेर या!"

"काय म्हणतायत हे?" हेडविकाबाईंनी विचारलं.

आता खोटं काय बोलावं ते रादिमला सुचेना, म्हणून तो खरं बोलला. "ते आलोइसना बोलावतायत, बाई. बाहेर या म्हणतायत."

हेडविकाबाई फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलले. रादिमला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. "टुरिस्ट आहात ना तुम्ही? मी पाहिली चौकात बस. अहो, टुरिस्टांच्या बॅगांची चाकं आमच्या खिडकीखाली खडखडली की हा बाहेर येऊन ओरडायचा. चालते व्हा म्हणायचा! जन्मभर न बोलावता बाहेर यायचा. आणि आज इतकी माणसं बोलावतायत..." हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते कुणाला कळलं नाही. टाळ्या मात्र वाढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलुशेबाईंचा फोन आला. "रादिम! अरे, सगळ्यांनी किती भरभरून लिहिलंय! असली संध्याकाळ जन्मात पाहिली नाही म्हणे. कुठे मिळाले तुला हे लोक? पण एक तक्रार आहे."

"तक्रार?"

"मुख्य नट बाहेर आला नाही म्हणे. एवढं बोलावलं तरी नाही. हे काय वागणं झालं?"

"बाई, त्यांना येणं शक्य नव्हतं. तब्येत..."

"आता कशी आहे?"

"तशीच."

"मग फोनवरून तरी माफी मागायला लाव. आज, बस निघायच्या आत. नाहीतर ही तक्रार तुझ्या नावावर. मी आधीच सांगितलं होतं!"

खरं सांगायची सोय नव्हती. पाहुण्यांना न बोलावता मयताच्या जेवणाला बसवलं हे कळलं असतं, तर मिलुशेबाईंनी वसंताची वाटही पाहिली नसती. रादिम हेडविकाबाईंच्या घरी गेला. त्या घरी नव्हत्या. स्मशानात ताज्या मातीवरचे हार त्या नीट लावत होत्या. हार दोनच होते. एक त्यांचा होता आणि दुसऱ्यावर पोस्टमनांच्या मंडळाचा बिल्ला खोचलेला होता. सकाळी विलेमने तो हार पबच्या दारात ठेवला होता, 'नटासाठी' म्हणून, आणि यित्काने तो इथे पोचवला होता.

रादिमने टोपी काढली आणि सगळं सांगून टाकलं. तक्रार, वसंत, माफी, सगळं. सांगताना त्याचा चेहरा नेहमीचाच होता, पण त्या जागी तो शोभत होता.

"एवढंच ना?" बाईंनी हात झटकले. "लावा फोन."

"तुम्ही?"

"आळीत दारोदार जाऊन याच्या वतीने माफी मागण्यातच माझा संसार झाला. सकाळी हा भांडायचा आणि संध्याकाळी मी केक घेऊन जायची. आणखी एकदा मागायला काय हरकत आहे?"

त्यांनी फोन कानाला लावला आणि सवयीच्या आवाजात सुरू केलं, "नमस्कार बाई. काल आमचे हे बाहेर आले नाहीत, त्याबद्दल माफ करा हं. मनाने वाईट नव्हते. येता आलं असतं तर नक्की आले असते." पलीकडून मिलुशेबाई बराच वेळ बोलत होत्या. त्यांचा आवाज मऊ झालेला रादिमला उभ्या जागी ऐकू येत होता.

"काय म्हणाल्या?" त्याने हळूच विचारलं.

बाईंनी फोनवर हात ठेवला. "वसंतात तुम्हाला नक्की बोलावणार म्हणाल्या. आणि पुढच्या वर्षीही हेच गृहस्थ मिळतील का, असं विचारतायत."

"मग काय सांगता?"

हेडविकाबाईंनी एकदा मातीकडे पाहिलं आणि हात काढला. "मिळतील ना," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आता ते कुठेच जायचे नाहीत."