सहाव्या नळीतले बाबा

"माझ्या नळ्यांत परका कण शिरला, तर नाव बदलून ठेवीन!" बारकीने भर वर्गात छाती ठोकून सांगितलं. नाव काही बदलावं लागलं नाही. पण निकालाच्या यादीतून ते कसं पुसलं जाणार होतं, ते ऐका.

बारकी ही शिंप्याची धाकटी. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय मॉलिक्युलर जेनेटिक्स. घरात हे नाव कुणाच्याही जिभेवर बसलं नव्हतं. आई लोकांना सांगायची, "रक्ताचं काहीतरी आहे." आत्या सांगायची, "जंतू पाळते." बाबा शहाणे. ते म्हणायचे, "तिलाच विचारा."

शेवटच्या वर्षाला प्रकल्प असतो, आणि प्रकल्पात जो बुडाला त्याचं अख्खं वर्ष बुडालं, असा विभागाचा नियम. बारकीने घरातल्या पाच माणसांच्या गालांच्या आतून कापसाच्या काडीने नमुने घ्यायचे ठरवले. आई, बाबा, आत्या, ताई आणि ताईचा नवरा, म्हणजे भाऊजी. डीएनएचा एक ठरावीक तुकडा कुणात लांब असतो, कुणात आखूड. तो कुणाचा किती ते दाखवायचं आणि कोण कुणाचं रक्ताचं ते सिद्ध करायचं. शिवाय सहावी काडी कोरी. ती कुणाच्याच गालाला लावायची नाही, पण बाकीच्यांसारखीच नळीत घालायची. त्या नळीत काही निघालं नाही, तर समजायचं की काम स्वच्छ झालं.

रविवारी सकाळी सगळे ओळीने बसले आणि आ करून मोकळे झाले. आत्याने मात्र आधी विचारलं, "यातून माझं वय नाही ना कळणार?"

नळ्यांची तोंडं बारीक होती, बोराच्या बीएवढी. बारकीची बोटं थरथरत होती. तिने काड्या बाबांच्या हाती दिल्या. "बाबा, तुमचा हात स्थिर. हातमोजे घाला आणि एकेक काडी आपापल्या नळीत सोडा. कशालाही बोट लागता कामा नये!" एवढं सांगून ती नळ्यांवर लावायच्या चिठ्ठ्या आणायला आत गेली. परत आली तेव्हा सहाच्या सहा काड्या नळ्यांत शहाण्या मुलांसारख्या उभ्या होत्या.

बुधवारी दुपारी प्रयोगशाळेत निकाल लागला. जेलच्या थरथरत्या पारदर्शक चौकोनात सहा रांगा. बारकीने दिवा लावून पाहिलं आणि तिच्या पायाखालची फरशीच सरकली. प्रत्येकाच्या रांगेत आपापले पट्टे होतेच, पण शिवाय आणखी दोन पट्टे होते, सगळीकडे तेच. ते बाबांचे होते! आईत बाबा, आत्यात बाबा, ताईत बाबा, भाऊजींत बाबा. आणि सहाव्या कोऱ्या नळीत दुसरं कुणीच नाही, एकटे बाबा!

प्रकल्प बघणाऱ्या मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. "उद्या तीनला बाहेरचे परीक्षक येतायत. कोण ते माहीत आहे ना?"

माहीत नसायला काय झालं! सगळी मुलं त्यांना 'कशावरून सर' म्हणत. सूर्य उगवला म्हटलं तरी ते विचारत, "कशावरून?" गेल्या वर्षी त्यांनी तिघांना घरी बसवलं होतं.

"बाबांचा डीएनए सगळीकडे कसा गेला ते शोध," मॅडम म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी आठला नवे नमुने घेऊन ये. वेळ पुरला तर पुरला."

बारकीने तिथूनच घरी फोन लावला. चूक इथेच झाली. फोन आत्याने उचलला.

"आत्या, घोटाळा झालाय! भाऊजींच्या नळीत बाबा सापडले!"

"म्हणजे?"

"म्हणजे भाऊजींच्यात बाबांचा अंश निघालाय! मी येतेय, कुणी कुठे जाऊ नका!"

बारकी घरी पोचेपर्यंत अर्धा तास गेला. एवढ्या वेळात आत्याने घर पेटवून ठेवलं होतं. आई पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. ताई रडून रडून लाल. भाऊजी दाराजवळ, एक पाय चपलेत.

"मला पहिल्यापासून वाटायचं," आत्या सांगत होती, "जावयाचं नाक अगदी आपल्या घरातलं आहे!"

"वन्सं, तुम्ही गप्प बसा!" आई भिंतीला म्हणाली. मग बाबांकडे वळली. "तुम्ही सांगा. लग्नाआधी दोन वर्षं परगावी कामाला होतात. कुठे होतात? कुणाकडे होतात?"

"अगं, कापडाच्या गिरणीत होतो!" बाबा गळ्यातली मोजपट्टी बोटांना गुंडाळू लागले. "तिथे सगळे बाप्येच होते!"

"आणि माझं लग्न नक्की कुणाशी झालंय?" ताईने हंबरडा फोडला.

"तसं काही नाही गं!" बारकी दारातूनच ओरडली. "बाबा आईतही निघालेत! आत्यातही निघालेत! अहो, कोऱ्या काडीतसुद्धा बाबाच निघालेत!"

सगळे थांबले. आईने जरा विचार केला.

"काडीतसुद्धा?"

"काडीतसुद्धा."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि डोळे पुसून उठली. "काडी काही यांची लेक नव्हे." भाऊजींनी दुसरा पाय चपलेत न घालता पहिलाही बाहेर काढला.

पण बारकीच्या जिवाचा घोर तसाच होता. "बाबा, खरं सांगा. तुम्ही काड्यांना हात लावलात?"

"देवाशपथ नाही! हातमोजे होते ना!"

"शिंकलात? खोकलात?"

"श्वाससुद्धा दाबून धरला होता!"

बाबा खोटं बोलणारे नव्हते. बारकीने डोकं धरलं. बाबा बिचारे मशीनवर जाऊन बसले. कुणाच्या तरी सदऱ्याची बटणं लावायची राहिली होती. त्यांनी दोरा घेतला. टोक पिंजलेलं होतं. त्यांनी ते ओठांत धरलं, जिभेने ओलं करून टोकदार केलं आणि एका झटक्यात सुईत ओवलं.

बारकी ताडकन उठली. "बाबा! काड्यांचा कापूस पिंजलेला होता का?"

"होता की! भलत्याच स्वस्त काड्या. नळीत जाईचनात."

"मग?"

"मग काय, जरा..." बाबांचा हात ओठांपाशी गेला आणि तिथेच थांबला. "सहाही," ते पुटपुटले. "पण हात नाही लावला हो मी!"

"जावयाच्या तोंडातली काडी तोंडात घातलीत?" असं आई म्हणेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "आणि वन्संच्याही?" आणि तिला एवढं हसू फुटलं की तिला पाणी द्यावं लागलं. बारकी मात्र हसली नाही. नवे नमुने घ्यायला पहाटेपर्यंत किती तास आहेत ते तिने बोटांवर मोजलं आणि बाबांना तासभर फैलावर घेतलं. तोंड म्हणजे काय, थुंकी म्हणजे काय, एका थेंबात किती पेशी! बाबांनी मान खाली घालून सगळं ऐकलं.

सकाळी आठला नवे नमुने प्रयोगशाळेत हजर. डबा बाबांनी आणला, वाटेत कुणालाही खेटू न देता. "मी इथेच बाहेर बसतो," ते म्हणाले. प्रायश्चित्त म्हणून ते बाकावर बसले ते उठलेच नाहीत.

आत बारकीची धावाधाव चालली होती. पेशी फोडल्या, डीएनए काढला, नकला काढणाऱ्या यंत्रात नळ्या ठेवल्या. यंत्र बाराला थांबलं. साडेबाराला जेल तयार. सहा खळग्यांत सहा निळे थेंब, होता नव्हता तेवढा सगळा माल तिने ओतला. बटण दाबलं. डीएनए नेहमी लाल तारेकडे धावतो. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही हे झोपेत विचारलं तरी येतं. बारकीही ते झोपेत सांगू शकली असती. पण ती जागी होती, आणि घाईत होती, आणि तिने लाल तार जोडली ती उलट्या टोकाला!

दहा मिनिटांनी पाहते तर निळे थेंब जेलमधून पुढे सरकण्याऐवजी मागच्या काठावरून बाहेर पडून पाण्यात विरत होते. आई गेली, आत्या गेली, ताई-भाऊजी जोडीने गेले. आणि पुन्हा करायला ना थेंब उरला होता ना वेळ.

"आता जुनाच फोटो दाखव," मॅडम हळूच म्हणाल्या. "आणि खरं तेच सांग."

तीनला कशावरून सर आले. उंच, काळा कोट, चेहरा कुलूप लावल्यासारखा. त्यांनी फोटो पाहिला, सहावी रांग पाहिली. बारकीने सगळं सांगितलं, दोऱ्याचं, ओठाचं, शिंप्याच्या सवयीचं.

"कशावरून?" सर म्हणाले.

"सर, कोऱ्या रांगेतले पट्टे बाबांच्या रांगेशी जुळतात."

"त्यांचे आहेत, एवढं कळलं. पण ते तोंडातून गेले, हे कशावरून? बाबांची काडी हाताळल्यावर हातमोजे बदलायचा तुम्ही आळस केला नाही, हे कशावरून?" त्यांनी लाल पेन उघडलं.

"सर, ते बाहेरच बसलेत! त्यांना काही न सांगता एक काडी द्या. हात आपोआप तोंडाकडे जाईल!"

बाबांना आत बोलावलं. सरांनी एक पिंजलेली काडी आणि नळी पुढे केली. "एवढी यात घाला."

बाबांनी काडी घेतली. डोळे बारीक केले. काडी तोंडाकडे निघाली... आणि अर्ध्या वाटेवर थांबली! बाबांनी ओठ घट्ट मिटले, मान मागे घेतली आणि काडी तशीच कोरडी नळीवर टेकवू लागले. एकदा, दोनदा, पाचदा. कपाळावर घाम आला, पण ओठ काही उघडेनात.

"बाबा!" बारकीच्या तोंडून शब्द निघाला. डोळ्यांत पाणी आलं.

"घाबरू नकोस पोरी," बाबा मिटल्या ओठांतून म्हणाले. "जीव गेला तरी तोंडात घालायचा नाही मी!"

सरांनी पेनचं टोक कागदावर टेकवलं. बारकीचं वर्ष त्या टोकाशी येऊन उभं राहिलं. बाबांची काडी अजून नळीच्या काठावर फिसकटत होती. ते सरांना पाहवेना.

"अहो, असं काय करताय! पिंजलेला कापूस असा जातो का कधी!" त्यांनी काडी बाबांच्या हातातून ओढून घेतली, ओठांत धरली, जिभेने टोक वळलं आणि सर्रकन नळीत घातली. "हे असं!"



बाबा दोन पावलं मागे सरले. "अहो साहेब!" ते हबकून म्हणाले. "तोंडात नाही घालायचं! बाटतो ना नमुना! एका थेंबात किती पेशी असतात माहीत आहे का?"

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. बारकीने नळी उचलली, झाकण लावलं आणि हाताला लागलेल्या सवयीने पेन काढून तिच्यावर लिहिलं, '७. परीक्षक.'

सरांनी ते वाचलं. बराच वेळ वाचलं. मग एकही प्रश्न न विचारता कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं, सही केली आणि उठले.

सातवी नळी मात्र त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात घालून सोबत नेली.