खंडेनवमीची कुपी

“परदेशातून यायला तीन महिने लागलेली कुपी, आणि तुम्ही तिला हळदकुंकू वाहिलंत?” सांगलीच्या त्या कॉलेजात विभागप्रमुख सुमंत सरांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू गेला.

प्रयोगशाळेत पाटावर सूक्ष्मदर्शक, तराजू आणि वाळलेला झेंडू. मधोमध थर्माकोलच्या डब्यात बर्फ, आणि बर्फात बोटाच्या पेराएवढी ती कुपी. शिपाई कृष्णात ताठ उभा होता. सतरा वर्षं फौजेत काढलेली, ओरडून घेणं त्याला नवीन नव्हतं. चूक नसताना ओरडून घेणं मात्र नवीन होतं.

“सर, नवमीला तुमी...”

“मधे बोलू नका!”

कुपीत मयूरीची अँटीबॉडी होती. मयूरीची सगळी पीएचडी तिच्यावर अडली होती. पेशीनं कधी वाढायचं, कधी थांबायचं हे ठरवणारं प्रथिन ती शोधून दाखवते, हे मयूरीनंच कृष्णातला समजावलं होतं. “गाठीत पेशी थांबायचंच विसरतात, मामा.” कृष्णातची बायको अंबू तसल्याच गाठीनं गेली. म्हणून पूजेत त्यानं मधली जागा या कुपीला दिली. दोन दिवस मासळी बाजारातून सायकलवर बर्फ आणून तो डबा भरत राहिला. दसऱ्यालाही आला. सोनं द्यायला घरी कोणी नव्हतंच.

“हिची जागा फ्रीजरमध्ये!”

“सर, पर फ्रीजर...”

“फ्रीजर मला शिकवू नका! आधी लेखी खुलासा द्या.” सरांनी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढं पाटावर आपटलं.

एवढ्यात मयूरी पाचगणीहून आली. ऐकून तिचा चेहराच उतरला. तिनं कुपीला हात लावला, बर्फ पाहिला आणि श्वास सोडला. “चांगली गार आहे, सर. बर्फात दोन दिवस हिला काही होत नाही.”

“ते राहू दे. आधी आत ठेव.”

तिनं फ्रीजरचं दार उघडलं. पाणी थेट चपलांवर आलं. खालच्या कुलपाच्या कप्प्यात सरांच्या स्वतःच्या अकरा कुप्या कोमट पडल्या होत्या.

“कुणी बंद केला हा?”

आता कृष्णातला कुणी अडवलं नाही.

“तुमीच की! नारळ फोडलासा नि म्हनलासा, समद्या यंत्रास्नी विसावा. मेन स्विच सोताच्या हातानं पाडलासा. मी इचारलं, फ्रीजरबी? तर म्हनलासा, त्यो काय यंत्र न्हाई व्हय? वर मी सांगंपर्यंत कुनी हात लावायचा न्हाई! पोरीची कुपी पाटावर बर्फात हुती म्हनून वाचली. तुमच्या कप्प्याची किल्ली तुमच्या खिशात, आन् तुमी खंडाळ्याला पाव्हण्यांकडं. लय फोन लावलं, एक उचलला न्हाईसा.”

सर खिसा चाचपत राहिले.

कृष्णातनं कागद उचलला, त्यावरचा झेंडू झटकला आणि पेनासकट सरांपुढं सरकवला.

“कोराच हाय, सर.”